‘विश्वाला कर्ता हवाच’ हा युक्तिवाद तपासायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मित्राने तीन वाक्ये मांडली: ‘जे जे सुरू होते त्याला कारण असते. विश्व सुरू झाले. म्हणून विश्वाला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे ईश्वर.’ तुम्ही विचारले, ‘मग ईश्वराला कोणी निर्माण केले?’ तो म्हणाला, ‘ईश्वर सुरू झालेलाच नाही, त्यामुळे पहिले वाक्य त्याला लागू होत नाही.’ तिथे तुम्ही अडलात. आता हा युक्तिवाद खरोखर इतका भक्कम आहे का, आणि तो मान्य केला नाही तर आपण नास्तिक ठरतो का, हे तुम्हाला हवे आहे.

मित्राचे उत्तर बरोबर होते, हे आधी मान्य करू. तो ‘प्रत्येक गोष्टीला कारण असते’ असे म्हणाला असता तर तुमचा प्रश्न नेमका लागला असता. पण तो म्हणाला ‘जे सुरू होते त्याला’. हे शब्द मुद्दाम निवडलेले आहेत, आणि तुमच्यासारखा प्रश्न येणार हे ओळखूनच निवडलेले आहेत. ‘देवाला कोणी बनवले’ या प्रश्नावर टाळ्या मिळतात, वाद मिटत नाही. खरी गोम अशी की त्या तीन वाक्यांत निदान सहा दावे दडले आहेत: सुरू होणाऱ्या गोष्टीला कारण लागते, हा नियम अख्ख्या विश्वालाही लागतो, विश्वाचा भूतकाळ मर्यादित आहे, भूतकाळ मर्यादित असणे म्हणजेच ‘सुरू होणे’, ते कारण इच्छा असलेला कर्ता आहे, आणि तो कर्ता एकच असून तोच ईश्वर. मित्राने पहिला आणि तिसरा मोठ्याने म्हटला, बाकीचे चार ओघात निघून गेले.

तपासणीला बसण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते: समोर नेमका कोणता युक्तिवाद आहे? कारण ‘विश्वावरून ईश्वर’ या एका नावाखाली निदान तीन वेगळी घराणी आहेत, आणि एकावरचा आक्षेप दुसऱ्यावर चालत नाही.

तुमच्या मित्राचा युक्तिवाद ‘कलाम’ घराण्यातला. (अरबीत कलाम म्हणजे बोलणे, इस्लामी धर्मचिंतनाच्या एका शाखेचे ते नाव.) त्याचे मूळ त्याही आधीचे: सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनस या ख्रिस्ती विचारवंताने अ‍ॅरिस्टॉटलच्या अनादी विश्वाविरुद्ध हाच मार्ग घेतला होता. इराणमधल्या तूसच्या अल-गझालीने (१०५८–११११) त्याला नेटके रूप दिले, आणि आजच्या चर्चेत तो परत आणला विल्यम लेन क्रेग या अमेरिकन तत्त्वज्ञाने, १९७९च्या पुस्तकातून. याचा सगळा भार विश्वाला काळात सुरुवात आहे यावर.

दुसरे घराणे लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाचे. त्याला सुरुवातीशी कर्तव्यच नाही. विश्व अनादी असले तरी ‘काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे’ हा प्रश्न उरतोच, असे १७१४ मध्ये त्याने मांडले. तिसरे घराणे आपले, नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचे: ‘क्षित्यंकुरादिकं सकर्तृकम्, कार्यत्वात्, घटवत्’. जमीन, अंकुर वगैरे कोणीतरी केलेले आहेत, कारण ते कार्य आहेत, जसा घट. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीचे जे हेतू दिले त्यांत पहिला मान या ‘कार्य’ हेतूला आहे.

न्यायाचा आणि कलामचा एक फरक सुरुवातीलाच ध्यानात घ्या, पुढे तो कामाला येईल. नैयायिकांचा ईश्वर शून्यातून काही काढत नाही. परमाणू नित्य आहेत, जीव नित्य आहेत, सृष्टी-प्रलयाची रांग अनादी आहे. ईश्वर निमित्तकारण, म्हणजे कुंभाराच्या जागी. माती आधीपासून आहे. कलाममधला ईश्वर मातीसकट सगळे निर्माण करतो.

आता पहिला दावा: जे सुरू होते त्याला कारण असते. ऐकताक्षणी पटतो, आणि म्हणूनच इथे थांबायला हवे. हे आपल्याला कशावरून माहीत? दोन आधार दिले जातात. एक अंतःप्रेरणेचा: शून्यातून काही येत नाही. दुसरा अनुभवाचा: आजवर जे जे सुरू होताना पाहिले त्याला कारण सापडले, दिवाणखान्यात अचानक हत्ती उगवत नाही.

अनुभवाचा आधार घ्यायचा तर पुरता घ्यावा लागतो. घट सुरू झाला म्हणजे काय झाले? माती होती, तिला नवा आकार आला. पोळी सुरू झाली, कणीक होती. मूल जन्मले, पेशी होत्या. आपण पाहिलेली एकूण एक ‘सुरुवात’ ही आधीच्या द्रव्याची फेरजुळणी आहे. म्हणजे अनुभवातून जो नियम निघतो तो दुहेरी आहे: सुरू होणाऱ्या वस्तूला निमित्तकारणही असते आणि उपादानकारणही असते, कुंभारही आणि मातीही. कलाम या नियमाचा अर्धा भाग ठेवतो (कुंभार हवाच) आणि उरलेला अर्धा सोडतो (माती नको). दोन्ही भागांना अनुभवाचे पाठबळ तितकेच आहे. ‘विश्वाच्या बाबतीत माती लागत नाही, कारण तो अपवाद आहे’ असे म्हणण्याची मुभा घेतली तर ‘विश्वाच्या बाबतीत कुंभार लागत नाही, कारण तो अपवाद आहे’ म्हणणाऱ्याला अडवायचे कोणत्या तोंडाने? माझ्या मते या युक्तिवादावरचा हा सगळ्यात टोकदार आक्षेप आहे. न्यायमत इथे अधिक प्रामाणिक: त्यांनी परमाणू नित्य ठेवून दृष्टांत सांभाळला. त्याची किंमतही मोजली. त्यांचा ईश्वर सर्व काही निर्माण करणारा राहिला नाही.

कलामवाला यावर अंतःप्रेरणेकडे वळेल: अनुभव सोडा, ‘शून्यातून आपोआप’ हे बुद्धीलाच पटत नाही. हे म्हणणे टाकाऊ नाही. पण ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७३९ मध्येच दाखवले की ‘कारणाशिवाय काही सुरू झाले’ या वाक्यात अंतर्विरोध नाही. ते विचित्र आहे, ‘चौकोनी वर्तुळ’ नाही. गंमत अशी की खुद्द गझालीचे कार्यकारणाबद्दलचे मत बरेच संशयाचे होते. कापसाला विस्तव लागला आणि कापूस जळला, यात विस्तवाने जाळले असे सिद्ध होत नाही, एकापाठोपाठ एक झाले एवढेच दिसते, असे तो म्हणतो, जाळणारा ईश्वरच. निसर्गातली कारणे इतकी सैल केल्यावर निसर्गाच्या अनुभवावरून विश्वव्यापी कारणनियम काढणे अवघड होते.

इथे बरेच जण पुंजभौतिकी (क्वांटम भौतिकी) बाहेर काढतात. जरा जपून. युरेनियमचे अमुक अणुकेंद्रक आत्ताच का फुटले याला प्रचलित अर्थान्वयात निश्चित कारण नाही, हे खरे. पण ते शून्यातून आलेले नाही, केंद्रक आधी होते. ‘निर्वात पोकळीतून कण उगवतात’ हेही तसेच. ती पोकळी म्हणजे ऊर्जा आणि नियम असलेले क्षेत्र आहे, तत्त्वज्ञानातले शून्य नव्हे. शिवाय बोम या भौतिकशास्त्रज्ञाने लावलेल्या अर्थात (अर्थान्वयात) तेच गणित पूर्ण नियत निघते. म्हणजे पुंजभौतिकीने पहिला दावा मोडत नाही, थोडा डळमळतो.

दुसरा दावा लहान आहे. विश्वातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे म्हणून विश्वालाही असेल का? १९४८ मध्ये बीबीसीवर कोपलस्टन या कॅथलिक धर्मगुरूशी झालेल्या वादात तत्त्वज्ञ रसेलने म्हटले होते: प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मनुष्यजातीला आई असते असे नाही. मुद्दा चांगला आहे, पण अर्धा. भागांवरून अख्ख्यावर जाणे कधी चुकते, कधी चुकत नाही. चळतीतली प्रत्येक पोळी गव्हाची असेल तर चळत गव्हाची. प्रत्येक पोळी चाळीस ग्रॅमची असेल तर चळत चाळीस ग्रॅमची नाही. म्हणून ‘हा अवयव-अवयवी दोष आहे’ एवढे बोलून थांबू नका. ‘कारण असणे’ हा गुण गव्हासारखा आहे की वजनासारखा, हे दोघांनाही दाखवावे लागते. कलामवाला तर म्हणेल की मी भागांवरून गेलोच नाही, माझा नियम थेट सगळ्या सुरू होणाऱ्या गोष्टींबद्दल आहे. मग प्रश्न पुन्हा पहिल्या दाव्यावर येतो.

तिसरा दावा, भूतकाळ मर्यादित आहे. याला दोन बाजूंनी आधार दिला जातो: तर्काने आणि खगोलशास्त्राने.

तर्काची बाजू गझालीच्या हिशोबातून समजते. सूर्य वर्षात एक फेरी करतो, शनी तीस वर्षांत एक (पृथ्वीकेंद्री खगोलातला हिशोब, मुद्दा तोच राहतो). विश्व अनादी असेल तर दोघांच्या फेऱ्या अनंत झाल्या. पण सूर्याच्या फेऱ्या शनीच्या तीसपट असायला हव्यात. अनंताची तीसपट कशी? आणि त्या अनंत फेऱ्या सम की विषम? यावर आजचे उत्तर अनंत संचांचे गणित मांडणाऱ्या कँटरपासून तयार आहे. अनंत संचात ‘तीसपट’ आणि ‘तितकेच’ एकत्र नांदू शकतात, आणि सम-विषम हा भेद सांत (मर्यादित) संख्यांपुरता आहे. हिल्बर्ट या गणितज्ञाच्या अनंत खोल्यांच्या हॉटेलची गोष्ट, म्हणजे हॉटेल भरलेले असूनही प्रत्येक पाहुण्याला एकेक खोली पुढे सरकवून नव्याला जागा देणे, याच जातीची. चमत्कारिक आहे, पण त्यात अंतर्विरोध नाही. ‘मला हे विचित्र वाटते’ आणि ‘हे अशक्य आहे’ यांत गल्लत करू नये.

दुसरा तर्क: अनंत क्षण एकेक करून संपवून आजपर्यंत पोहोचताच येणार नाही. यात एक चोरवाट आहे. ‘पोहोचणे’ म्हटले की आपण कुठूनतरी निघालेला प्रवासी डोळ्यांसमोर आणतो, आणि तो निघाला ते ठिकाण अनंत अंतरावर ठेवतो. अनादी भूतकाळात असे ठिकाणच नाही. भूतकाळातला कोणताही क्षण घ्या, तिथून आजपर्यंतचे अंतर सांतच आहे. निघण्याची जागा मनात धरली की जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले जाते.

तर्काच्या बाजूचा सगळ्यात तगडा प्रकार नवा आहे आणि मराठीत फारसा फिरत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा भूतकाळ अनादी आहे आणि दर गुढीपाडव्याला एक पहारेकरी एक वही उघडतो. नियम एकच: वही कोरी असेल तर आपले वर्ष लिहायचे, नसेल तर मिटून ठेवायची. इतर कोणी वहीत लिहीत नाही. आज वहीत काही लिहिलेले आहे का? असलेच पाहिजे, कारण यंदापर्यंत कोरी राहिली असती तर यंदाच्या पहारेकऱ्याने लिहिले असते. मग कोणते वर्ष लिहिलेले आहे? समजा पाचशे वर्षांपूर्वीचे. म्हणजे त्या पाडव्याला वही कोरी होती. पण मग पाचशे एक वर्षांपूर्वीच्या पहारेकऱ्यालाही ती कोरीच मिळाली असणार, आणि त्याने लिहिले असते. कोणतेही वर्ष घ्या, हीच अडचण. वही कोरी असू शकत नाही आणि तिच्यात कोणतेही वर्ष असू शकत नाही. हिल्बर्टच्या हॉटेलसारखे हे फक्त विचित्र नाही, हा सरळ अंतर्विरोध आहे.

यावरून अनादी कारणमाला अशक्य ठरते का? विरोधक म्हणतात, नाही. हे नियम एकत्र पाळले जाऊ शकत नाहीत एवढेच ठरते. जे स्वतःची दाढी करत नाहीत अशा सगळ्यांची, आणि फक्त त्यांचीच, दाढी करणारा न्हावी अशक्य आहे, पण त्यावरून न्हावी अशक्य होत नाहीत. समर्थक म्हणतात, एकेक पहारेकरी तर अगदी साधा आहे. भूतकाळ खरोखर अनादी असू शकला तर त्यांना ओळीने उभे करण्यात कोण आडवे येते? वाद अजून चालू आहे. मला विरोधकांची बाजू किंचित जड वाटते, पण या प्रकाराला हसण्यावारी नेणाऱ्याने तो नीट वाचलेला नसतो.

आता खगोलशास्त्र. इथे दोन्ही बाजू घाई करतात. पक्के काय आहे? विश्व प्रसरण पावते आहे. मागे मागे जावे तसे ते अधिक दाट आणि तप्त होत जाते. ही तप्त अवस्था सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वीची; तिच्यानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आज पार्श्वभूमीच्या सूक्ष्मलहरींच्या रूपाने मिळतो, आणि १९६५ मध्ये त्याचा शोध जाहीर झाल्यापासून महास्फोटाची बाजू भक्कम झाली. अनिश्चित काय आहे? अगदी आरंभ. सामान्य सापेक्षतेची समीकरणे मागे ओढली की घनता अनंत होते, पण तिथे ती समीकरणेच भरवशाची राहत नाहीत. दशांश चिन्हापुढे ४३ शून्ये आणि मग ५, इतक्या सेकंदांच्या आसपास गुरुत्वाचा पुंजसिद्धान्त लागतो, आणि तो सर्वमान्य रूपात अजून हाती नाही. म्हणजे ‘महास्फोट झाला’ हे पक्के, ‘महास्फोटाआधी काहीच नव्हते’ हे त्यातून निघत नाही.

क्रेग आणि मंडळी २००३च्या बोर्ड-गुथ-विलेन्किन प्रमेयाचा (तीन भौतिकशास्त्रज्ञांच्या नावाचे प्रमेय) हवाला देतात. ते काय सांगते ते नेमके पाहा. ज्या अवकाश-काळात सरासरी प्रसरणाचा वेग शून्याहून जास्त आहे, तो भूतकाळात अमर्याद मागे नेता येत नाही, त्याला कुठेतरी कड असते. कडेपलीकडे काय, याबद्दल प्रमेय मौन पाळते. तिथे वेगळी, प्रसरण न पावणारी अवस्था असू शकते, किंवा अभिजात, म्हणजे पुंजपरिणाम न धरता मांडलेल्या, अवकाश-काळाची कल्पनाच संपत असेल. प्रमेय खरे आहे, त्याच्या तोंडी घातलेले ‘म्हणून निरपेक्ष सुरुवात’ हे वाक्य त्याचे नाही.

मराठी वाचकाला एक जवळचे नाव इथे आठवेलच. जयंत नारळीकर, पुण्याच्या आयुकाचे संस्थापक संचालक, यांनी हॉइल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसोबत १९९३ मध्ये अर्धस्थिर विश्वाचे प्रारूप मांडले. त्यात विश्वाला एकमेव आरंभ नाही. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही, आणि पार्श्वभूमीच्या लहरींचा पुरावा महास्फोटाकडेच झुकतो. तेव्हा नारळीकरांचे नाव घेऊन ‘आरंभ खोटा ठरला’ म्हणणेही चूक. उलट बाजूला जॉर्ज लमेत्र. विश्वाच्या प्रसरणाचे गणित १९२७ मध्ये मांडणारा आणि १९३१ मध्ये ‘आद्य अणू’ची कल्पना देणारा हा बेल्जियन शास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी नव्या विश्वविज्ञानात सृष्टिनिर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा ते लमेत्रला रुचले नाही. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, अशी त्याची भूमिका होती. आपापल्या सोयीचा शास्त्रज्ञ पुढे करण्यापूर्वी या दोघांकडे एकदा पाहावे.

चौथा दावा सहसा कोणाच्या नजरेस येत नाही, आणि तर्काचे निबंध तपासताना माझी पहिली लाल रेघ इथेच पडते. समजा भूतकाळ १३.८ अब्ज वर्षांचाच आहे आणि काळही तिथूनच आहे. मग विश्व ‘सुरू झाले’ का? घट सुरू झाला म्हणजे आधी एक वेळ होती जेव्हा घट नव्हता, नंतर तो आला. विश्वाबद्दल असे म्हणता येत नाही, कारण ‘आधी’ नावाची वेळच नाही. असा एकही क्षण नाही जेव्हा विश्व नव्हते. पहिल्या वाक्यात ‘सुरू होणे’ घटाच्या अर्थाने वापरले आणि दुसऱ्यात ‘भूतकाळ मर्यादित असणे’ या अर्थाने, तर शब्द तोच राहिला आणि अर्थ बदलला. अनुमान तिथेच तुटते. कलामवाल्याकडे उत्तर आहे: काळ खरोखर वाहतो, भविष्य अजून नाही, म्हणून पहिला क्षण ‘येतो’. पण मग कालाबद्दलचे हे मतही त्याला सिद्ध करावे लागेल. सगळे क्षण सारखेच अस्तित्वात आहेत, ‘आता’ हा ‘इथे’सारखा बोलण्यापुरता शब्द आहे, असे मानणारे आणि त्यासाठी सापेक्षतेचा आधार घेणारे काही थोडे नाहीत. क्रेगने हे उघड मान्य केले आहे आणि काळावर वेगळे लिहिले आहे. वादात हा युक्तिवाद वापरणाऱ्या बहुतेकांना मात्र आपण कालाचे एक विशिष्ट मत उचलले आहे याचा पत्ता नसतो.

आतापर्यंतचा हिशोब: पहिल्या दाव्याला मातीचा आक्षेप, दुसरा त्याच्याच पायावर उभा, तिसरा शक्य पण अनिर्णित, चौथा कालाच्या एका मतावर टेकलेला.

पाचवा दावा, कारण हे कर्ता आहे. गझालीचा तर्क इथे खरोखर देखणा आहे. कारण अनादी आणि अचेतन असते तर त्याचे कार्यही अनादी असते. तापमान कायम शून्याखाली असेल तर पाणी कायम गोठलेलेच असणार. कारण नित्य आणि कार्य मात्र सुरू झालेले, हे एकाच परिस्थितीत जमते: कारणाजवळ इच्छा आहे. भुकेल्या माणसापुढे अगदी सारखे दोन खजूर ठेवले तर तो उपाशी राहत नाही, एक उचलतो. सारख्यांतून एक निवडणे हेच इच्छेचे काम, असा त्याचा दृष्टांत. पण इच्छाही दोनपैकी एक असणार. ती नित्य असेल तर ‘नित्य कारण, मग कार्य नित्य का नाही’ हा प्रश्न तिलाही लागतो. ती नव्याने उपजली असेल तर ती सुरू झाली, आणि पहिल्या वाक्याप्रमाणे तिला कारण हवे. शिवाय काळच नाही तिथे ‘ठरवणे’ म्हणजे काय, हे कोणी समाधानकारक सांगितलेले मला माहीत नाही.

मीमांसक कुमारिल भट्टांनी (मीमांसक म्हणजे वेदातल्या कर्मकांडाचा विचार करणारे) याच ठिकाणी वेगळा बाण मारला होता: त्या कर्त्याचा हेतू काय? काही उणे होते म्हणून सृष्टी केली तर तो पूर्ण नाही. हेतूच नव्हता म्हणावे तर निर्हेतुक काम मूर्खही करत नाही. ‘लोकवत्तु लीलाकैवल्यम्’ (लोकात खेळ असतो तशी ही केवळ लीला) हे ब्रह्मसूत्र या प्रश्नाचेच उत्तर आहे, आणि ते उत्तर श्रद्धेच्या चौकटीत गोड लागते. अनुमानाच्या चौकटीत मात्र ‘लीला’ हा नवा दावा होतो.

न्यायपरंपरेत या सांध्यावर झालेली घासाघीस तर वाचण्यासारखी आहे, कारण तिथे आक्षेपांना नेमकी नावे आहेत. कार्यत्व आणि सकर्तृकत्व (कर्ता असणे) यांची व्याप्ती, म्हणजे ‘पहिले असेल तिथे दुसरे असतेच’ हा नियम, खरी आहे का? आक्षेपक म्हणतो, यात उपाधी (लपलेली अट) आहे, ‘शरीरजन्यत्व’, म्हणजे देहाने घडलेले असणे. जिथे जिथे कर्ता पाहिला तिथे तिथे देहधारी कर्ता पाहिला. कुंभाराला हात आहेत. अंकुराला असा कर्ता दिसत नाही, तेव्हा अनुमान त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. नैयायिकाचे उत्तर: ‘शरीराने न घडलेले म्हणून अकर्तृक’ या प्रत्यनुमानात (उलट बाजूच्या अनुमानात) ‘शरीर’ हे विशेषण फुकट आहे. आकाशासारखे जे अकर्तृक आहे ते मुळात घडलेलेच नसते, तेवढ्याने काम भागते. उत्तर तांत्रिकदृष्ट्या चलाख आहे. सगळ्यांचे समाधान त्याने झाले नाही.

धर्मकीर्ती या बौद्ध तर्कशास्त्रज्ञाचा आक्षेप मला अधिक पटतो. घट पाहून कुंभार कळतो तो घटाच्या विशिष्ट घडणीवरून, ‘मातीचे आहे’ एवढ्यावरून नव्हे. नुसत्या मातीवरून जाल तर वारूळही कुंभाराने केले असे म्हणावे लागेल. धुरावरून अग्नी कळतो, पण धुरासारखे पांढुरके काहीही पाहून अग्नीचे अनुमान केले तर धुके पाहून बंब बोलवाल. ‘कार्य’ हा एकच शब्द घटालाही लावला आणि डोंगरालाही लावला, म्हणून दोहोंत एकच गुण आला असे होत नाही. चौथ्या दाव्यातला ‘सुरू होणे’चा दोष आणि हा दोष एकाच कुळातला आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल.

सहावा दावा, एकच कर्ता आणि तोच ईश्वर, हा सगळ्यात अशक्त. रामानुजाचार्य ब्रह्मसूत्रांवरच्या श्रीभाष्यात म्हणतात की पृथ्वी, समुद्र, पर्वत हे सगळे एकाच वेळी आणि एकाच कर्त्याने केले याला प्रमाण काय? मोठी बांधकामे अनेक जण मिळून, वेगवेगळ्या काळी करतात, हेच आपण पाहतो. ह्यूमचे १७७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेले संवाद हाच मुद्दा पुढे आणतात, पण रामानुज त्याच्या कितीतरी शतके आधीचे. कारण एक असले तरी ते सर्वज्ञ, दयाळू, प्रार्थना ऐकणारे आहे हे पहिल्या पाच दाव्यांतून येत नाही. क्रेगही त्यासाठी वेगळे युक्तिवाद जोडतो.

आता आकड्यांचा एक हिशोब. सहाही दावे तुम्हाला प्रत्येकी ८० टक्के पटले असे धरा, म्हणजे बऱ्यापैकी उदारपणे. साखळी पूर्ण उभी राहण्याची शक्यता ०.८ चा सहावा घात, म्हणजे सुमारे २६ टक्के. प्रत्येकी ९० टक्के दिलेत तरी ५३ टक्के. हा गुणाकार वापरताना दोन पथ्ये पाळा. एक, प्रत्येक दाव्याला ‘आधीचे खरे असतील तर’ या अटीवर गुण द्यायचे, सुटे नाहीत. दोन, आलेला आकडा ईश्वर असण्याची शक्यता नव्हे. हा युक्तिवाद त्या निष्कर्षाला निदान किती आधार देतो, एवढेच तो सांगतो. वाईट युक्तिवादाचा निष्कर्ष खरा असू शकतो.

लायब्निझच्या घराण्याबद्दल थोडक्यात, कारण मित्र कोंडीत सापडला की तिकडे सरकेल आणि तुमचे वरचे बहुतेक आक्षेप तिथे निकामी होतील. ‘ठीक आहे, विश्व अनादी धरू, पण ते असलेच पाहिजे असे काही नाही, मग ते का आहे?’ हा प्रश्न महास्फोटाने किंवा अनंताच्या गणिताने सुटत नाही. तिथे तपासायचे वाक्य एकच: प्रत्येक असण्यामागे पुरेसे कारण असते. रसेलसारखा माणूस ते नाकारून ‘विश्व आहे, बस्स’ म्हणतो, आणि तसे म्हणण्यात विसंगती नाही. वाक्य मानले तर उलटी पंचाईत: आवश्यक कारणातून सगळे पुरेपूर निघत असेल तर विश्वही आवश्यक ठरते, ‘ते नसूही शकले असते’ हे आपले मूळ वाक्यच जाते. तरी तिन्ही घराण्यांत मला हेच घराणे जास्त दमाचे वाटते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, हा युक्तिवाद नाकारला तर नास्तिक ठरतो का. रामानुजांचा वरचा आक्षेप पुन्हा आठवा. ते काही नास्तिक नव्हते. ब्रह्म शास्त्रानेच कळते, अनुमानाने नव्हे, हे दाखवण्यासाठी ते नैयायिकांचे अनुमान मोडतात. ख्रिस्ती संत आणि तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) ईश्वरसिद्धीचे पाच मार्ग देतो, पण विश्वाला आरंभ आहे हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने मानायचे, असे स्पष्ट लिहितो. म्हणजे कलामचा मधला खांब एका संताने काढून घेतला. आणि उलट टोकाला मीमांसक: वेद प्रमाण, यज्ञयाग चोख, पण सृष्टिकर्ता मान्य नाही, ‘न कदाचिदनीदृशं जगत्’, जग असे नव्हते असे कधी नव्हतेच.

मित्राशी पुन्हा बोलणे होईल तेव्हा ‘देवाला कोणी बनवले’ सोडा आणि दोन गोष्टी विचारा. तुझ्या पहिल्या आणि दुसऱ्या वाक्यात ‘सुरू होणे’ एकाच अर्थाने आहे का? आणि मातीशिवाय झालेला एखादा घट दाखवतोस का? दुसऱ्यावर तो ‘विश्व हा अपवाद आहे’ म्हणाला, तर अपवादाचा नियम त्याच्याकडून लिहून घ्या आणि तो कुंभारालाही लागतो का ते त्याच्यासमोरच तपासा.